एका फुलावरचा कायदा : मोह, अबकारी आणि रानातली दारू

१/ सन १८९२. मुंबई सरकारने त्या वर्षी एका फुलासाठी स्वतंत्र कायदा केला. ते फूल अफूचे नव्हते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या रानांत दरवर्षी चैत्रात आपोआप गळून पडणारे, अस्वलापासून माणसापर्यंत सगळ्यांच्या पोटात जाणारे ते मोहाचे फूल होते. फूल वेचणे गुन्ह्याच्या वाटेवर कसे आले आणि त्या वाटेवरून परतायला किती काळ लागला, याचा हा धागा.

२/ आधी झाडाची ओळख. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लागतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटे खाली पडतात. पाकळ्या मांसल, फिकट पिवळ्या, गोड आणि उग्र वासाच्या. बायका-मुले झाडाखालचा पाचोळा आधीच साफ करून ठेवतात आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन पोहोचतात. वाळल्यावर फूल मनुक्यासारखे तांबूस होते. अशा वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असू शकतो.

३/ ही साखर रानातल्या माणसाला फुकट मिळत होती, आणि तीही घरातले धान्य संपत येण्याच्या दिवसांत. वाळवलेली फुले भाजून, उकडून किंवा पिठात मिसळून खाल्ली जात. बियांपासून तेल निघे. ते स्वयंपाकाला आणि दिव्याला चाले. दुष्काळात तर मोहाने अनेक पाड्यांना तगवले. त्यामुळे या झाडावर सहसा कुऱ्हाड पडत नसे. शेतासाठी रान साफ करतानाही मोह उभा ठेवला जाई.

४/ याच फुलाची दारू होते. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. हवेतल्या आणि फुलांवरच्या जिवाणूंच्या व किण्वाच्या क्रियेने काही दिवसांत ती आंबतात. मग मडके चुलीवर चढते, त्याच्या तोंडावर दुसरे भांडे बसते, फटी मातीने लिंपतात. वाफ नळीतून बाहेर येते, थंड होते आणि थेंब गळू लागतात. सुरुवातीचा अंश सर्वांत कडक असतो. मराठीतला ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग अशाच भट्टीतून आला आहे.

५/ वारली, कोकणा, कातकरी, भिल्ल अशा समाजांत या दारूला ठरलेली जागा होती. लग्न ठरले की ती लागे, मर्तिकालाही लागे. देवाला आणि पूर्वजांना आधी तिचे थेंब वाहिले जात. पंचांनी तंटा मिटवला की त्यावर शिक्का बसे तोही याच दारूचा. अतिरेक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. परंतु फूल मोसमी होते, भट्टी घरची होती आणि प्यायचे कधी व कोणाबरोबर हे समाज ठरवत होता.

६/ राज्यसत्तेची दारूवर नजर ही इंग्रजांची देणगी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे मद्याचे प्रकार तिथे दिले आहेत. परवानगीच्या जागेबाहेर मद्य करणाऱ्याला दंड सांगितला आहे. तरीही त्याच प्रकरणात एक सवलत आढळते. गृहस्थाने घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे. उत्सव, मेळे आणि यात्रांच्या वेळी चार दिवस मद्य गाळण्याची मोकळीक द्यावी.

७/ ही सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतक्या कठोर राज्यशास्त्रानेही घरच्या चुलीवरचे मद्य आणि बाजारातले मद्य यांत फरक केला होता. पुढील कथा हा फरक पुसला जाण्याची आहे.

८/ ‘अबकारी’ हा शब्द फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, कार म्हणजे काम. दारू गाळण्याचे काम आणि त्यावरचा कर, दोन्हींसाठी हाच शब्द रूढ झाला. कंपनीच्या काळात मक्त्याची पद्धत चालू राहिली. एखाद्या तालुक्यात दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकार लिलावात काढी. बोली जिंकणारा तो मक्तेदार, म्हणजेच गुत्तेदार. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता असाच आहे. आज तो दारूच्या अड्ड्याला चिकटला आहे, हाही त्याच इतिहासाचा अवशेष.

९/ मक्त्याची पद्धत न्याय्य नव्हती, पण ती ढिली होती. मक्तेदाराला डोंगरातल्या प्रत्येक पाड्यावर पोहोचणे परवडत नसे. अनेक ठिकाणी गावातलीच लहान भट्टी चाले आणि मक्तेदार तिच्यावर ठरावीक रक्कम घेऊन समाधान मानी. सरकारच्या तिजोरीत त्यातले थोडेच पोहोचे. नेमकी हीच गोष्ट मुंबईतल्या एका अधिकाऱ्याला खटकली.

१०/ चार्ल्स प्रिचर्ड हे त्या अधिकाऱ्याचे नाव. जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती त्याच्या हाती होती. मिठावरचा सरकारी पहारा कडक करणारा हाच माणूस अबकारीचाही शिल्पकार ठरला. १८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा आला, त्या वर्षीचा पाचवा कायदा. परवान्याशिवाय दारू गाळणे, विकणे, बाळगणे आणि ताडीसाठी झाडाला चीर देणे, सारेच आता सरकारी नियमाखाली आले.

११/ कायद्याचा कणा होता मध्यवर्ती भट्टी. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, मोठ्या आवारात सरकारी नजरेखाली दारू गाळायची, दर गॅलनमागे तिच्या कडकपणानुसार कर घ्यायचा आणि ती परवान्याच्या दुकानांतून विकायची. कारभाराच्या दृष्टीने रचना चोख होती. कर गळण्याच्या वाटा बुजल्या. घरच्या चुलीवरची भट्टी मात्र एका लेखणीच्या फटक्यात बेकायदा झाली. ‘हातभट्टी’ या शब्दाला गुन्ह्याचा जो वास आहे, तो या व्यवस्थेने दिला.

१२/ मुंबई इलाख्यात देशी दारू प्रामुख्याने दोन ताकदींची असे. त्या काळच्या ‘प्रूफ’ मापाच्या खाली २५ अंश आणि ६० अंश. आजच्या हिशेबात पहिलीत सुमारे ४३ टक्के मद्यार्क, दुसरीत सुमारे २३ टक्के. माप, शिक्का, दर सगळे ठरलेले. गावची सौम्य, स्वस्त आणि मोसमी दारू जाऊन तिच्या जागी बारमाही मिळणारी, करामुळे महाग झालेली दुकानातली दारू आली.

१३/ ताडीचीही तीच गत झाली. किनारपट्टीवर माड-ताडांना चीर देणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. चिरलेल्या प्रत्येक झाडावर कर बसला, झाडांवर आकडे पडले. कराचा दर वाढला तसा ताडीचा भाव वाढला आणि पुष्कळ लहान भंडाऱ्यांना धंदा सोडावा लागला. ताडी महागली की ग्राहक मोहाच्या दारूकडे वळे आणि ती आता मोठ्या भट्ट्यांतून येत होती.

१४/ अशा भट्ट्यांचे एक प्रसिद्ध ठाणे होते मुंबई बंदरापलीकडचे उरण. तिथे मोहाची दारू गाळली जाई, फुले मात्र पंचमहालासारख्या दूरच्या भागांतून येत. चित्र असे होते : दूरच्या रानातले फूल आगगाडीने आणि गलबताने उरणला येई, तिथे त्याची दारू होई, तिच्यावर कर बसे आणि ती ठाण्याच्या डोंगरातल्या दुकानात विकली जाई. त्याच दुकानामागे मोहाचे झाड उभे असे.

१५/ गोवाही या जाळ्यातून सुटला नाही. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात मिठाबरोबर अबकारीच्या पद्धतीतही गोव्याने ब्रिटिश हिंदुस्थानाशी जुळवून घ्यावे असे ठरले. शेजारी दारू स्वस्त राहिली तर ती सीमा ओलांडणारच, ही मुंबईची चिंता होती. हा तह १८९२ मध्ये संपला.

१६/ सरकारचे समर्थन ठरलेले होते : किमान सेवन, कमाल महसूल. कर वाढवला की दारू महागेल, महागली की माणसे कमी पितील, असा हा युक्तिवाद. त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा सोपी होती. सेवन खरोखरच घटून महसूल घटला असता, तर सरकारला आनंद झाला असता का? या प्रश्नाचे उत्तर पुढे १९२२ मध्ये मिळाले.

१७/ त्याआधी पुण्यात एक आवाज उठला. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून आक्षेप नोंदवला. दारूपासून सरकारला मिळणारा पैसा आणि दारूने उद्ध्वस्त होणारी गरिबांची घरे यांचा हिशेब त्यांना दिसत होता. अबकारीला विरोध करणारे सगळे दारूचे समर्थक होते, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

१८/ आता पुन्हा ठाण्याच्या रानात. कायदा झाला, दुकाने उघडली, तरी चोरून गाळणे थांबेना. थांबणार तरी कसे? ताडाचे झाड मोजता येते, उसाचा गूळ बाजारात अडवता येतो. मोहाचे फूल आभाळातून पडल्यासारखे पहाटे पडते. मडके आणि चूल प्रत्येक घरात असतेच. पोलीस भट्टी फोडून परतले की दुसऱ्या ओढ्याकाठी ती पुन्हा पेटे.

१९/ म्हणून १८९२ चा मोहफुलांचा कायदा. दारू पकडता येत नाही, तर तिचा कच्चा मालच पकडायचा, हा त्यामागचा तर्क. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले जमवणे, बाळगणे आणि विकणे यांवर सरकारी बंधने आली. ज्या वस्तूची दारू होऊ शकते ती वस्तूच संशयित ठरली. याच न्यायाने उद्या तांदूळ, गूळ आणि द्राक्षेही संशयित ठरू शकली असती. तसे झाले नाही, कारण त्यांचे मालक वेगळे होते.

२०/ कायद्याच्या भाषेत ही बंधने होती, पाड्यावरच्या बाईसाठी तो थेट घरावरचा छापा होता. फुले खाण्यासाठी ठेवली आहेत की गाळण्यासाठी, हे टोपलीकडे पाहून कळत नाही. ते ठरवणार शिपाई. अशा ठिकाणी शिपायाला काय द्यावे लागते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. जंगल खात्याचे नियम त्याच काळात आवळत होते. लाकूड, चराई, राब आणि आता फूल, एकेक गोष्ट परक्याच्या हाती जात होती.

२१/ दुसरे टोक दुकानाचे. गुजरातच्या दक्षिण भागात आणि ठाण्यात दारूचे दुकानदार बहुतेक पारशी होते. आदिवासी रोख पैशांत व्यवहार करत नसे, तेव्हा दुकानात उधारी चाले. उधारीची फेड धान्याने, मग श्रमाने, शेवटी जमिनीने. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दाखवले आहे की दारूच्या दुकानातून सावकारी आणि सावकारीतून जमीनदारी अशी साखळी दक्षिण गुजरातेत तयार झाली. घरच्या भट्टीवर प्यालेली दारू जमीन घेऊन जात नव्हती.

२२/ नोव्हेंबर १९२२. सुरत जिल्ह्यातल्या गावांत हजारो आदिवासी जमू लागले. मांडवात काही स्त्री-पुरुषांच्या अंगात देवी येई. तिचे नाव सलाबाई. ती आज्ञा देई : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. या देवीची सुरुवात पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये, देवीच्या रोगाच्या शांतीसाठी झालेल्या विधींतून झाली होती. तिथून ती डोंगर चढून धरमपूर, वांसदा, सुरत आणि नाशिक-खानदेशाकडे गेली.

२३/ ही चळवळ कोणा पुढाऱ्याने उभारलेली नव्हती. काँग्रेसचे कार्यकर्ते नंतर पोहोचले. आदिवासींनी देवीच्या तोंडून स्वतःलाच आदेश दिला होता. दुकाने ओस पडली. दारूवाल्यांच्या शेतांवर मजूर मिळेना. ‘किमान सेवन’ हे सरकारचे घोषित ध्येय एका हंगामात प्रत्यक्षात आले. अधिकाऱ्यांनी मात्र त्याचे स्वागत केले नाही. त्यांना बुडणारा महसूल आणि डोळ्यांदेखत वाढणारी एकजूट दिसली.

२४/ उत्साह सगळीकडे टिकला नाही. काहींनी व्रत पाळले, काही पुन्हा जुन्या वाटेला लागले. चौधरी समाजात तर ‘वरजेला’ म्हणजे वर्ज्य करणारे आणि ‘सरजेला’ म्हणजे पुन्हा सुरू करणारे असे दोन गट पडले. पण सूत्र हरवले नाही. १९३० च्या दशकात पश्चिम खानदेशात, तळोद्याच्या परिसरात, गुलाम महाराजांनी दारूमुक्तीचा प्रसार केला. त्यांचे अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले. ज्यांना सगळे अरे-तुरे करत, त्यांनी परस्परांना दिलेला तो मान होता.

२५/ इथे एक उलटसुलट गोष्ट ध्यानात येते. घरी दारू गाळणे हा सरकारला नकार होता आणि दारू सोडणे हाही सरकारला नकारच होता. दोन्हींचा अर्थ एक : आमच्या ओठांना काय लागावे हे दुकानाने ठरवू नये.

२६/ दरम्यान सत्तेचा आकार बदलत होता. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी आणि शिक्षण, दोन्ही खाती प्रांतांतल्या हिंदी मंत्र्यांकडे आली. पेच असा की शाळांसाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणावर दारूतून येत होता. दारूच्या पैशावर मुले शिकवण्याची ही रचना गांधीजींना लाजिरवाणी वाटे आणि ते तसे स्पष्ट म्हणत.

२७/ १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. तिचे सूत्रधार होते आरोग्य व अबकारी मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर, स्वतः पारशी. त्यांच्याच समाजातून कडवा विरोध झाला, तरी ते हटले नाहीत. ‘पारशी म्हणजे दारूवाले’ असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव विसरू नये. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग ढिला पडला.

२८/ स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू बदलला होता : महसुलाच्या जागी नीती आली. मोहफूल मात्र होते तिथेच राहिले. नव्या कायद्यातही त्याच्या साठवणीवर आणि व्यापारावर नियंत्रण होते. पुढे शहरांसाठी परवाने निघाले, बार उघडले, साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्काचा मोठा उद्योग उभा राहिला. पाड्यावरच्या मडक्याला परवाना मिळाला नाही. नाव बदलत बदलत हाच कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे.

२९/ दारू निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ काढू नये. गडचिरोलीत दीर्घ लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी झाली आणि तिच्यामागे मुख्य बळ होते बायकांचे. मार त्यांनी खाल्ला होता, चूल त्यांची विझली होती. १८८० च्या फुल्यांच्या पत्रातली चिंता आणि ही चिंता एकाच कुळातली आहे. घरच्या मोहाच्या दारूनेही घरे मोडली आहेत.

३०/ मग प्रश्न उरतो तो निर्णयाचा. त्याचे एक उत्तर १९९६ च्या पेसा कायद्यात मिळते. अनुसूचित क्षेत्रांत मादक पेयांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा ती नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे असावा, असे तो म्हणतो. गौण वनोपजाची मालकीही त्यांचीच, असेही म्हणतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती मालकी अधिक पक्की केली. हवी तर गाळा, नको तर बंद करा, पण ठरवा तुम्ही. देवीच्या मांडवात १९२२ साली आदिवासींनी नेमके हेच केले होते.

३१/ २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली. पोर्तुगिजांनी आणलेल्या परदेशी झाडापासून होणाऱ्या गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्येच भौगोलिक निर्देशांक मिळाला होता. इथल्याच मातीतल्या झाडाला संशयाच्या यादीतून बाहेर यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

३२/ आता मोहाची दारू सुबक बाटल्यांत येऊ लागली आहे. तिच्या चिठ्ठीवर रान, वारसा, परंपरा हे शब्द असतात. १८७८ मध्ये चुलीवरचे मडके मोठ्या भट्टीने हिरावले होते. मोठी भांडवली बाटली तेच पुन्हा करू शकते, या वेळी कौतुकाच्या भाषेत. ते झाले की नाही, हे ओळखण्याची खूण साधी आहे : चैत्रात पहाटे टोपली घेऊन झाडाखाली वाकणाऱ्या बाईच्या हाती त्या बाटलीतले किती पोहोचते, ते पाहावे.

(धागा समाप्त)